सॅम्युएल अजायी क्राउदर : दास्यमुक्ती, भाषा आणि समाजरचना

इ. स. १८४३ मध्ये लंडन येथे चर्च मिशनरी सोसायटीने एक लहानसा ग्रंथ प्रसिद्ध केला. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा भाषेचा शब्दसंग्रह आणि त्याच्या आरंभी त्या भाषेच्या व्याकरणाची मूलतत्त्वे, एवढाच त्याचा विषय. जगातील नाना भाषांची अशी पुस्तके त्या काळी मिशनरी छापखान्यांतून सतत बाहेर पडत होती, आणि त्यांच्या रांगेत हे पुस्तक उठून दिसावे असे त्याच्या बाह्य स्वरूपात काही नाही. तथापि दोन गोष्टींमुळे ते इतरांहून वेगळे ठरते. पहिली गोष्ट ही की, त्याचा कर्ता त्या भाषेत जन्मलेला आणि वाढलेला होता; आणि त्याच भाषेच्या मुलखात, ग्रंथप्रकाशनापूर्वी अवघ्या बावीस वर्षांमागे, एका घोड्याच्या बदल्यात त्याची अदलाबदल झाली होती. दुसरी गोष्ट अधिक विचारात घेण्यासारखी आहे. ज्या भाषेचे हे व्याकरण, त्या भाषेच्या नावाने स्वतःला ओळखणारा समाज तेव्हा अस्तित्वातच नव्हता. ओयोचे लोक होते, एग्बा होते, इजेबू, इजेशा, एकिटी होते. परस्परांशी त्यांची युद्धे चालू होती आणि त्या युद्धांतील बंदिवान परस्परांकडूनच किनाऱ्याकडे विकले जात होते. या सर्वांना सामावणारे ‘योरुबा’ हे नाव त्यांच्यापैकी बहुतेकांनी स्वतःसाठी कधी उच्चारलेही नसावे.

पुढे बिशप झालेले सॅम्युएल अजायी क्राउदर हे या ग्रंथाचे कर्ते. त्यांच्या चरित्राकडे आजवर मुख्यतः दोन दृष्टींनी पाहिले गेले आहे. मिशनरी चरित्रकारांस ते ईश्वरी कृपेचे उदाहरण वाटतात : गुलाम बालक, आरमाराने केलेली सुटका, शाळा, दीक्षा, बिशपपद. वसाहतवादाच्या चिकित्सकांस ते इंग्रजी सत्तेच्या वाटा मोकळ्या करून देणारे, स्वतः सज्जन परंतु दुसऱ्याच्या हातचे साधन झालेले गृहस्थ वाटतात. दोन्ही पक्षांजवळ पुरावा आहे. परंतु दोन्ही पक्ष त्यांच्या व्याकरण-कोशकार्याचा उल्लेख पुष्पहारातील एक फूल म्हणून करतात आणि पुढे सरकतात. प्रस्तुत लेखकास असे वाटते की, क्राउदर यांनी जो समाज उभा केला तो प्रथम भाषेत उभा केला. चर्च, शाळा आणि वसाहती ही त्याची पुढची रूपे होत. त्यांच्या कार्यातील यश कोठे आणि अपयश कोठे याचा उलगडाही या बाजूने पाहिल्यास अधिक चांगला होतो.

अजायीचा जन्म इ. स. १८०९ च्या सुमारास ओशोगुन या गावी झाला. हे गाव आजच्या नायजेरियातील ओयो राज्यात येते. योरुबांमध्ये काही नावे आईबापांनी निवडायची नसतात. मूल ज्या अवस्थेत जन्मते ती अवस्थाच त्याचे नाव ठरविते. जमिनीकडे तोंड करून, उपडे जन्मलेले मूल ते अजायी. पुढे बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेले नाव लंडनमधील एका धर्मगुरूचे होते. त्या नावाशी या मुलाच्या जन्माचा काहीही संबंध नव्हता, आणि ‘अजायी’ या नावाचा मात्र जन्माखेरीज दुसऱ्या कशाशीही संबंध नव्हता. नावांच्या या जोडीत त्या आयुष्याची दोन टोके आली आहेत, म्हणून हा उल्लेख केला.

ओयोचे जुने साम्राज्य त्या वेळी मोडकळीस आले होते. उत्तरेकडील इलोरिन येथे बंड झाले होते, फुलानी घोडेस्वारांचा जोर वाढत होता आणि लहान गावे एकामागून एक लुटली जात होती. १८२१ च्या आरंभी एके दिवशी सकाळी, घरात न्याहारीची तयारी चालली असता, ओशोगुनवर धाड आली. गाव जळाले. आई, दोन बहिणी आणि एक लहान भावंड यांच्यासह अजायी दोरखंडात बांधला गेला. पुढील वर्षभराची हकीकत त्यांनी स्वतः १८३७ मध्ये सोसायटीचे एक चिटणीस जोवेट यांस लिहिलेल्या पत्रात दिली आहे. ते पत्र अभ्यासकांनी मुळातून वाचावे. इसेयिन येथे घोड्याच्या बदल्यात तो दिला गेला; ज्याने घेतला त्यास घोडा बरा वाटला म्हणून व्यवहार फिरला. मग आईची पुन्हा गाठ आणि पुन्हा ताटातूट. मग एका मुसलमान बाईकडे विक्री. आपल्याला पोर्तुगीजांना विकणार या भीतीने त्या मुलाने रात्री कमरेच्या पट्ट्याने गळा आवळून घेण्याचा प्रयत्न अनेकदा केला, पण धैर्य पुरले नाही. अखेर दारू आणि तंबाखू यांच्या मोबदल्यात हात बदलत बदलत तो लागोसच्या किनाऱ्यावर पोचला. ७ एप्रिल १८२२ रोजी त्याला वाहून नेणारे पोर्तुगीज जहाज ब्रिटिश आरमाराच्या दोन जहाजांनी पकडले. त्या युद्धनौकेवर चढविलेल्या मुलांनी तोफेचे गोळे पाहिले आणि ती माणसांची मुंडकी आहेत असा त्यांचा समज झाला. जवळच टांगलेले डुकराचे मांसही त्यांस माणसाचेच वाटले. जनावराचे खूर दिसले तेव्हा कोठे जिवात जीव आला. सुटका म्हणजे काय हे सुटणाऱ्याला त्या घटकेस कळतेच असे नाही, ही गोष्ट या प्रसंगाइतक्या स्पष्टपणे क्वचितच नोंदली गेली असेल.

सुटलेल्यांस त्यांच्या गावी पोचविण्याची पद्धत नव्हती. १८०७ च्या कायद्याने ब्रिटिशांनी आपल्या प्रजाजनांस गुलामांचा व्यापार बंद केला, आणि पुढील वर्षी सिएरा लिओन ही राजसत्तेची वसाहत झाली. तेव्हापासून पकडलेल्या जहाजांतील लोक तेथेच उतरविले जात. अजायी १७ जून १८२२ रोजी फ्रीटाऊन येथे उतरला आणि डोंगरातील बाथर्स्ट या वस्तीत त्याला ठेवण्यात आले. या वसाहतीची भाषिक स्थिती जगाच्या इतिहासात बहुधा एकमेव असावी. सेनेगालपासून अंगोलापर्यंतच्या आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याच्याही लोकांची जहाजे तेथे रिकामी होत होती. १८५४ मध्ये कोएले या जर्मन मिशनऱ्याने शंभराहून अधिक आफ्रिकी भाषांचा तौलनिक शब्दसंग्रह प्रसिद्ध केला, तो मुख्यतः या एका वसाहतीतील माणसांना प्रश्न विचारून. भाषाशास्त्रज्ञाच्या दृष्टीने हे भांडार खरे. परंतु त्यातील प्रत्येक शब्द गाव जळाल्यामुळे तेथे आलेल्या माणसाच्या तोंडचा होता, हे विसरता येत नाही.

या गर्दीत माणसे आपल्या भाषेवरून आपली माणसे शोधू लागली. ओशोगुनचा मुलगा, एग्बांच्या गावातला शेतकरी आणि इजेशातील विणकर हे मायदेशी एकमेकांना परके, कित्येकदा शत्रू होते. येथे मात्र मेंडे, इगबो, हौसा यांच्या गलक्यात त्यांना एकमेकांचे बोलणे समजत होते, आणि एवढेच नाते उरले होते. इतर लोक त्यांना ‘आकू’ म्हणू लागले. या नावाची व्युत्पत्ती मोठी मनोरंजक आहे : ही मंडळी भेटताच ज्या शब्दांनी एकमेकांचे कुशल चिंतीत, त्या अभिवादनातील ‘कू’ हा अंशच त्यांचे नाव होऊन बसला. एखाद्या परक्या शहरात मराठी माणसांना कोणी ‘रामराम’ म्हणून ओळखावे, तसाच हा प्रकार. जो समाज मायदेशी नव्हता तो वनवासात एका अभिवादनाभोवती जमला. ‘योरुबा’ हे दुसरे नावही मुळात बाहेरचेच. हौसा लोक ते ओयोच्या रहिवाशांस लावीत. क्राउदर आणि त्यांचे सहकारी यांनी ते उचलले, त्याचा अर्थ विस्तृत केला आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर छापले. नामकरणाचा हा व्यवहार वरवर पाहता किरकोळ. पण आज कोट्यवधी लोक त्या नावाने स्वतःस ओळखतात.

अजायीने सहा महिन्यांत इंग्रजी वाचावयास शिकून घेतले, सुतारकीही शिकला. ११ डिसेंबर १८२५ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. १८२७ मध्ये स्थापन झालेल्या फुरा बे येथील विद्यालयाचा तो अगदी आरंभीचा विद्यार्थी होय. त्यानंतर क्राउदर यांनी रीजंट, वेलिंग्टन इत्यादी गावांत शाळा चालविल्या आणि आपल्याप्रमाणेच जहाजावरून सुटलेल्या असानो ऊर्फ सुझन हिच्याशी विवाह केला. मिशनरी राबन यांनी १८३० च्या सुमारास ‘आकू’ भाषेचा एक छोटा शब्दसंग्रह छापला. त्यांचे तरुण साहाय्यक क्राउदर होते. १८४१ मध्ये नायजर नदीच्या मोठ्या मोहिमेत ते गेले. या मोहिमेवरील १४५ युरोपीयांपैकी सुमारे १३० जणांना ज्वराने गाठले आणि सुमारे चाळीस मृत्युमुखी पडले. या भयंकर अनुभवातून सोसायटीच्या धुरीणांनी जो निष्कर्ष काढला तो असा की, आफ्रिकेच्या अंतर्भागात काम करावयाचे तर ते आफ्रिकी माणसांनीच केले पाहिजे. क्राउदर यांना इंग्लंडला बोलावून १८४३ मध्ये दीक्षा देण्यात आली. ते पदावर चढले ते तत्त्वाच्या जोरावर चढले तसेच हिवतापाच्या जोरावरही चढले, हे इतिहासकाराने लपवू नये. कारण पुढे क्विनाईनने हिवताप आटोक्यात आला तेव्हा तत्त्वही किती सैल होते ते दिसून आले.

त्याच वर्षी पूर्वोक्त शब्दसंग्रह निघाला आणि १८५२ मध्ये त्याची वाढविलेली, सुधारलेली आवृत्ती आली. हिला व्हिडल यांचे प्रास्ताविक जोडलेले आहे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास या ग्रंथात काय सापडते ते थोडे तपशिलाने सांगणे अवश्य आहे.

योरुबा भाषेत सुरांच्या तीन पातळ्या आहेत : उच्च, मध्यम आणि नीच. आपल्या लिपीत ढोबळपणे ‘ऑकॉ’ असा लिहिता येईल तो शब्द घ्या. दोन्ही अक्षरे मध्यम सुरात उच्चारली तर त्याचा अर्थ नवरा. दुसरे अक्षर उच्च केले तर कुदळ. दुसरे नीच केले तर होडी. दोन्ही नीच केली तर भाला. महाभाष्यातील ‘इंद्रशत्रु’ शब्दाची कथा ज्यांनी वाचली आहे त्यांस सुराच्या चुकीने अर्थ कसा उलटतो हे नव्याने सांगावयास नको. फरक इतकाच की, वैदिक सूर हे लोकभाषेतून केव्हाच लोपले, आणि योरुबा बाजारात भाव करणारी बाई ते क्षणोक्षणी वापरीत असते. युरोपीय संग्राहकांना हे सूर ऐकू येत नसत, किंवा ऐकू आले तरी ते त्यांना बोलण्याचा हेल वाटत. क्राउदर यांच्या कानाला ते अर्थाचे अंग म्हणूनच ऐकू येत होते, आणि अक्षरावरील चिन्हांनी ते दाखविण्याच्या खटपटीस त्यांनी सुरुवात केली. दुसरी गोष्ट स्वरसंवादाची. क्रियापदात जो स्वर येतो त्याच्या जातीप्रमाणे त्यापूर्वीच्या सर्वनामाचा स्वर बदलतो, हा नियम त्यांनी नोंदविला, आणि व्हिडल यांस त्याचे महत्त्व विशेष वाटले. तुर्की किंवा हंगेरियन यांसारख्या भाषांत जी घटना प्रसिद्ध होती तिचे भावंड आफ्रिकेत सापडले होते.

तिसरी गोष्ट कोशरचनेची. अनेक शब्दांखाली क्राउदर यांनी उदाहरण म्हणून म्हणी दिल्या आहेत. मिशनरी कोशकाराला धर्मग्रंथातील वाक्ये देणे सोपे आणि सोयीचे होते. त्यांनी म्हाताऱ्यांच्या, शेतकऱ्यांच्या, इतकेच नव्हे तर जुन्या दैवतांच्या पुजाऱ्यांच्या तोंडची भाषा प्रमाण मानली. बाराव्या वर्षी जी भाषा सुटली ती मुलाची भाषा असते. प्रौढांची, पंचायतीची, वादविवादाची भाषा त्यांना पुन्हा शिकावी लागली असली पाहिजे, आणि म्हणींचा हा संग्रह त्या शिकण्याचा दाखला होय, असे मला वाटते.

येथे मराठीची आठवण होणे साहजिक आहे. केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ चे. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ चा. या ग्रंथांमागे पंडितांचे श्रम असले तरी मुखपृष्ठावर नाव साहेबाचे आहे. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ मध्ये निघाले, तेव्हा आपल्या भाषेविषयी आपल्या माणसाने आपल्या भाषेत बोलण्यास आधुनिक काळात आरंभ झाला. क्राउदर यांचे पुस्तक यानंतर सातच वर्षांनी आले. पण तुलना येथेच थांबते. दादोबांच्या मागे शतकानुशतकांचे लिखित वाङ्मय, लिपी, पाणिनीय परंपरा आणि भाषेला ओळखणारा समाज उभा होता. क्राउदर यांच्या मागे यांतील काही नव्हते. त्यांचे पुस्तक इंग्रजीत आहे, कारण ज्यांनी योरुबात व्याकरण वाचावे असे वाचक त्यांना आधी निर्माण करावयाचे होते.

हे वाचक कोण असणार होते? १८३९ पासून सिएरा लिओनमधील काही आकू कुटुंबे स्वतःच्या पैशाने जहाजे घेऊन मायदेशाकडे परतू लागली होती. यांना तेथे ‘सारो’ म्हणत. परत जाण्यासाठी त्यांना गाव उरले नव्हते. परंतु ओलुमो नावाच्या प्रचंड खडकाच्या आश्रयाने एग्बा निर्वासितांनी सोडेके या पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली १८३० मध्ये अबेओकुटा हे नवे नगर वसविले होते, आणि सारोंचा ओघ तिकडे वळला. क्राउदर १८४५ मध्ये बाडाग्री या बंदरात उतरले. सोडेके नुकताच वारला होता, वाटा बंद होत्या, दीड वर्ष किनाऱ्यावर अडकून पडावे लागले. ३ ऑगस्ट १८४६ रोजी ते अबेओकुटास पोचले. आणि तेथून अठराव्या दिवशी, २१ ऑगस्टला, त्यांची आई अफाला त्यांना भेटली. पंचवीस वर्षे झाली होती. दैनंदिनीतील नोंद सांगते की, दोघे एकमेकांकडे पाहत निःशब्द बसून राहिले. तिला तर हे खरे वाटेना. १८४८ मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला, तो हॅना या नावाने. सॅम्युएलच्या आईचे बायबलातील नाव तेच आहे, हे वाचकांच्या ध्यानी येईल.

अबेओकुटा येथील कार्याचे मूल्यमापन करताना केवळ प्रार्थनामंदिरे मोजून भागत नाही. वस्तीत शाळा निघाली, कापसाच्या लागवडीस उत्तेजन मिळाले, गुलामांऐवजी शेतमालाचा व्यापार व्हावा म्हणून मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांशी संबंध जोडले गेले. १८५९ मध्ये टाऊनसेंड या मिशनऱ्याने तेथे योरुबा भाषेतील पहिले वृत्तपत्र काढले. ते वाचणारा वर्ग सारोंनी आणि त्यांच्या शाळांनी तयार केला होता. हाच टाऊनसेंड काळ्या माणसाच्या हाताखाली गोऱ्यांनी काम करण्यास सतत विरोध करीत राहिला. मार्च १८५१ मध्ये दाहोमीच्या सैन्याचा हल्ला एग्बांनी परतविला. त्याच वर्षी क्राउदर लंडनला गेले आणि लागोसच्या गुलामव्यापाराविरुद्ध त्यांनी परराष्ट्रमंत्री पामर्स्टन यांच्याकडे आपली बाजू मांडली. राणी व्हिक्टोरियासमोर त्यांनी ख्रिस्ती प्रार्थना योरुबात म्हणून दाखविली, तेव्हा राणीस ती भाषा मृदू व मधुर वाटली. अर्थभेद करणारे ते सूर तेथे केवळ माधुर्य म्हणून ऐकले गेले. डिसेंबरात ब्रिटिश आरमाराने लागोसवर तोफा डागल्या, आणि दहा वर्षांनी, १८६१ मध्ये, लागोस ब्रिटिशांचे झाले. ज्या किनाऱ्यावर ते स्वतः विकले गेले त्या किनाऱ्यावरील बाजार बंद व्हावा, ही त्यांची इच्छा समजण्यास कठीण नाही. परंतु त्या इच्छेच्या वाटेने जे आत आले ते पुन्हा बाहेर गेले नाही, आणि या घटनेतील त्यांचा वाटा चिकित्सकांनी दाखविला आहे तो योग्यच दाखविला आहे.

क्राउदर यांचे सर्वांत दीर्घ काम बायबलाच्या भाषांतराचे. १८५० मध्ये त्यातील एक पत्र छापले गेले, आणि संपूर्ण ग्रंथ १८८० नंतरच्या दशकात पुरा झाला. थॉमस किंग आदी सहकारी त्यांच्याबरोबर होते. १८६२ मध्ये लागोस येथील त्यांच्या घरास आग लागली आणि अकरा वर्षे जमविलेले शब्द व म्हणी यांची टिपणे, भाषांतराच्या हस्तलिखितांसह, जळून गेली. ते पुन्हा कामास लागले.

या भाषांतराची परिभाषा अभ्यासनीय आहे. परमेश्वरासाठी त्यांनी नवा किंवा परका शब्द आणला नाही; ‘ओलोरुन’, आकाशाचा स्वामी, हे लोकांचेच नाव ठेवले. सैतानासाठी मात्र ‘एशू’ या योरुबा दैवताचे नाव वापरले गेले. एशू हा चौरस्त्याचा, निरोपांचा, खोड्यांचा देव. त्याला पापाचा अधिपती ठरविणे हा त्याच्यावर अन्याय होता, अशी तक्रार आजही योरुबा विद्वान करतात आणि ती रास्त आहे. याहून लक्षणीय बाब धार्मिक व्यवहाराच्या शब्दांची. धर्मोपदेशकासाठी ‘आलुफा’, प्रेषितासाठी ‘वोली’, प्रार्थनेसाठी ‘आदुरा’, प्रवचनासाठी ‘इवासू’ हे शब्द त्यांनी स्वीकारले. हे सारे शब्द योरुबात मुसलमानांच्या संसर्गाने आले आहेत. ‘वली’, ‘दुआ’, ‘वाज’ यांच्याशी असलेले त्यांचे नाते दखनी किंवा उर्दूचा परिचय असणाऱ्या मराठी वाचकास लगेच ओळखू येईल. ओशोगुन जाळणाऱ्यांत मुसलमान होते, हे क्राउदर विसरले असतील असे संभवत नाही. पण शब्द लोकांच्या तोंडी रुळला आहे की नाही, एवढीच कसोटी त्यांनी लावली. फादर स्टीफन्स यांनी क्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हटले ते याच जातीचे धोरण. मात्र स्टीफन्स परभाषेत पाहुणे होते.

लेखनपद्धतीच्या प्रश्नात लेप्सियस या जर्मन पंडिताच्या वर्णमालेचा आणि सोसायटीचे प्रमुख चिटणीस हेन्री व्हेन यांच्या नियमांचा मोठा भाग आहे. तरीही अखेरचे संस्करण किनाऱ्यावरच झाले : जानेवारी १८७५ मध्ये लागोस येथे क्राउदर यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरून योरुबाचे लेखन स्थिर करण्यात आले. ओयोची बोली पायाभूत धरून त्यात इतर बोलींचे शब्द घेतलेली ही भाषा नेमकी कोणत्याच गावची नव्हती, आणि म्हणूनच ती सर्व गावांची होऊ शकली.

अशा कार्यास कोणती परिस्थिती लागते हे समजण्यासाठी आपल्याकडील एका प्रयोगाचा निर्देश करतो. याच सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर येथे आश्रम काढला होता आणि अरबी जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले तेथे ठेवली जात. त्यांना अक्षरओळख झाली, हस्तकला शिकविल्या गेल्या, आणि १८७५ नंतर त्यांतील पुष्कळजण मोंबासाजवळील फ्रेअरटाऊन या वसाहतीत गेले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचे नाव तिला दिलेले आहे. तेथे या लोकांना ‘मुंबईचे आफ्रिकी’ म्हणत. कर्तृत्वात ते कमी नव्हते. परंतु मूळच्या एकाच भाषेचे पुरेसे लोक त्यांच्यात एकत्र नव्हते आणि जेथे ते उतरले तेथील स्वाहिली ही त्यांच्यापैकी बहुतेकांची मायबोली नव्हती. शरणपूरकरांचा समाज टिकला तो वसाहत म्हणून. आकूंचा समाज वसाहतीबाहेर पसरला. या मुलांच्या भाषिक जीवनावर मराठीतून स्वतंत्र संशोधन व्हावयास हवे.

क्राउदर यांचे स्वतःचे उत्तरायुष्य याच नियमाची दुसरी बाजू दाखविते. १८५४ च्या मोहिमेत क्विनाईनमुळे एकही मृत्यू झाला नाही, आणि १८५७ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली नायजर मिशन सुरू झाले. त्यातील सर्व कार्यकर्ते आफ्रिकी होते. २९ जून १८६४ रोजी कँटरबरी येथे त्यांना बिशप करण्यात आले. त्या चर्चमधील ते पहिले आफ्रिकी बिशप. पण अधिकारक्षेत्राची शब्दरचना पाहण्यासारखी आहे. पश्चिम आफ्रिकेतील राणीच्या राज्याबाहेरील प्रदेश त्यांच्याकडे होता; आणि योरुबा मुलखात जेथे युरोपीय मिशनरी होते ती ठाणी त्यातून वगळली होती. ज्या भाषेचे ते अधिकारी ज्ञाते, तिच्या मुलखात त्यांना पूर्ण अधिकार नव्हता; ज्या नदीकाठावर अधिकार होता तेथे इगबो, नुपे, इजॉ या भाषा होत्या आणि तेथे ते दुभाष्यावर अवलंबून होते. इगबोचे प्राथमिक पुस्तक त्यांनी १८५७ मध्ये केले, नुपेवरही काम केले, परंतु ते परक्या माणसाचे काम राहिले. फ्रीटाऊनमध्ये वाढलेले त्यांचे साहाय्यक कातडीने आफ्रिकी असले तरी ओनित्शाच्या लोकांस परदेशीच वाटत. १८६७ मध्ये इडाहजवळ अबोको नावाच्या एका सरदाराने वृद्ध बिशपांना पकडून खंडणी मागितली. सुटकेच्या झटापटीत ब्रिटिश उपवकील फेल विषारी बाणाने मारला गेला. साठीच्या जवळ आलेल्या क्राउदर यांची किंमत त्यांच्या आयुष्यात पुन्हा एकदा ठरविली गेली.

व्हेन १८७३ मध्ये वारले. आफ्रिकी चर्चने स्वतःच्या पायावर, स्वतःच्या कारभारात, स्वतःच्या प्रयत्नाने वाढावे, हे त्यांचे धोरण त्यांच्यामागे ओसरले. १८८६ मध्ये रॉयल नायजर कंपनीला सनद मिळाली; केंब्रिजहून आलेल्या नव्या तरुण मिशनऱ्यांना आफ्रिकी कार्यकर्त्यांत व्यापारी लोभ आणि नैतिक शैथिल्य यांखेरीज काही दिसेना. काही आरोप खरे होते. इतक्या विस्तीर्ण प्रदेशावर, दुसऱ्याच्या आगबोटीवर विसंबून, एका माणसाची देखरेख पुरी पडणे शक्य नव्हते. परंतु ऑगस्ट १८९० मध्ये ओनित्शा येथील समितीच्या बैठकीत ऐंशी वर्षांच्या बिशपांसमोर त्यांच्याच धर्मगुरूंना ज्या रीतीने दूर करण्यात आले, ती रीत चौकशीची नव्हती. क्राउदर यांनी समितीचा राजीनामा दिला. ३१ डिसेंबर १८९१ रोजी लागोस येथे त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या जागी युरोपीय बिशप नेमला गेला. त्यांचा पुत्र डँडेसन याच्या पुढाकाराने नायजरच्या मुखाजवळील मंडळ्यांनी १८९२ मध्ये आपला कारभार स्वतंत्र केला. कँटरबरीच्या आर्चबिशपांनी या वागणुकीबद्दल क्षमा मागितली ती २०१४ मध्ये, बिशपपदाच्या दीडशेव्या वर्षी.

योरुबा मुलखात मात्र काम त्यांच्या हातून सुटून इतरांच्या हाती गेले होते. क्राउदर यांचे जावई, लागोस येथील १८५९ च्या पहिल्या माध्यमिक शाळेचे संस्थापक, यांचे नाव थॉमस बॅबिंग्टन मॅकॉले असे होते. भारतीय वाचक या नावाने चमकेल, पण हा मॅकॉले एका मुक्त झालेल्या गुलामाचा मुलगा होता. त्यांचा पुत्र हर्बर्ट मॅकॉले हा नायजेरियातील राष्ट्रीय राजकारणाचा एक आद्य पुरुष मानला जातो. सिएरा लिओनमध्ये १८४६ साली जन्मलेल्या सॅम्युएल जॉन्सन याने ओयोच्या दरबारातील आख्याने सांगणाऱ्यांकडून ऐकून योरुबांचा विस्तृत इतिहास लिहिला. १८९७ मध्ये लिहून झालेले ते हस्तलिखित लंडनच्या प्रकाशकाकडे गहाळ झाले. लेखकाच्या मृत्यूनंतर त्याचा भाऊ ओबादाया याने मागे राहिलेल्या टिपणांवरून तो ग्रंथ पुन्हा सिद्ध केला आणि १९२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ओयो, एग्बा, इजेबू, इजेशा आणि एकिटी यांचा एकच इतिहास असू शकतो हे त्यात गृहीतच धरलेले आहे.